लाल शाईतलं ‘व्हेरी गुड’

आस्थापना अधिकाऱ्यानं कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि त्यावर पेन आडवं ठेवलं.

“इथं, खाली. तारीख आजची टाका. उद्या अकराला चौकशी आहे, कागद आधी तयार असलेला बरा.”

कागद इंग्रजीत होता. तळघरातल्या बाईला इंग्रजी कुठलं यायला, हे त्या हॉस्पिटलात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिनं पेन उचललं नाही. ओळीखाली बोट धरून ती वाचायला लागली. अधिकाऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग छताकडे. सात ओळी होत्या. सहा ओळींत तारीख, वेळ, यंत्राचा नंबर. सातवी ओळ तिनं दोनदा वाचली.

‘इफ द ऑपरेटर हॅड चेक्ड द गॅस्केट, द ॲक्सिडेंट वुड नॉट हॅव हॅपन्ड.’

तळपायाची आग मस्तकात गेली.

“यात लिहिलंय की मी गॅस्केट बघितलंच नाही.”

“तसं कुठं लिहिलंय?” अधिकारी हसला. “बघितलं असतं तर अपघात झाला नसता, एवढंच. शक्यता म्हणून.”

“शक्यता कसली? बघितलं असतं तर म्हणजे बघितलं नाही. तुम्ही मला आत्ता म्हणालात, ‘बाई, तुम्ही शिकला असतात तर बरं झालं असतं’, तर मी काय समजू? शिकलेली आहे म्हणून कौतुक करताय?”

हसू विरलं. “हे बघा. सही केलीत तर ताकीद देऊन मिटेल. वरिष्ठ तंत्रज्ञाची जागा हातची जाईल फार तर. नाही केलीत तर निलंबन, मग घरी बसा आणि वाट बघा. मी तुमच्या भल्याचं सांगतोय.”

तिनं कागदाच्या चार घड्या घालून तो ब्लाउजमध्ये खोचला. “उद्या अकराला आणते,” म्हणाली आणि पेन तिथंच ठेवून निघाली.

ती त्या हॉस्पिटलच्या तळघरात चौदा वर्षं ऑटोक्लेव्ह चालवत होती. ऑटोक्लेव्ह म्हणजे पोलादी भट्टीच, फक्त जाळाऐवजी वाफेची. वाकून आत शिरता येईल एवढं तोंड, जाड दार, दाराच्या कडेनं फिरलेली रबराची गोल पट्टी. तीच गॅस्केट. आत ऑपरेशनची हत्यारं नि कापडं ठेवायची, दार आवळायचं, आणि एकशे चौतीस अंशांची वाफ सोडायची. जंतू मरतात. गॅस्केट धड असेल तर बाहेर उभी असलेली माणसं जगतात.

सगळे तिला प्रेशर म्हणायचे. नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण बसलं. “प्रेशर आली का?” “आली. काटा लाल पट्ट्यात आहे, जपून.” ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मनातून तिला ते नाव आवडायचं. त्या खोलीत तिच्याइतकं प्रेशर कुणालाच कळत नव्हतं.

तिच्यासोबत त्या खोलीत असायची मावशी. मावशी कुणाचीच मावशी नव्हती आणि सगळ्यांची होती. यंत्राशेजारच्या लांब टेबलावर कापडाच्या घड्या घालायच्या, हे तिचं तीस वर्षांचं काम. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मावशीची जीभ घड्यांपेक्षा वेगानं चालायची.

गेल्या वर्षी फलकावर सूचना लागली. नवी यंत्रं येणार, त्यांचे पडदे इंग्रजीत, म्हणून इंग्रजीची परीक्षा पास होईल त्यालाच वरिष्ठ तंत्रज्ञाची जागा. हॉस्पिटलनं टायरच्या दुकानावरच्या खोलीत वर्ग ठरवून दिला. मंगळवार-शुक्रवार, संध्याकाळी सहा ते साडेसात. वर्गात अठरा जण, ती वयानं सगळ्यांत मोठी. खालून टायर ठोकल्याचा आवाज, वर क्रियापदं.

नवरा शिंपी. मशीनवरून मान न उचलता त्यानं विचारलं होतं, “आता भांडणंही इंग्रजीत करणार का?”

“अहो, अजून मला फक्त वर्तमानकाळात भांडता येतं. तुमच्या जुन्या चुका काढायच्या तर भूतकाळ शिकायला हवा.”

“मग सावकाश शिक,” तो म्हणाला. “घाई नाही.”

सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. काळ शिकवून झाले, मग त्यांनी ‘इफ’ची वाक्यं घेतली. असं झालं तर तसं होईल, असं झालं असतं तर तसं झालं असतं. वर्ग गळपटला. वॉर्डातल्या पोरी वहीत बदकं काढायला लागल्या. तिनं मात्र हात वर केला.

“सर, हे तर इंटरलॉक आहे.”

“काय आहे?”

“आमच्या यंत्रात असतं. दार पूर्ण बसलं तरच वाफ आत येते. आतलं प्रेशर शून्यावर आलं तरच दार उघडतं. एक अट पुरी झाल्याशिवाय दुसरी गोष्ट होतच नाही. तुमचं ‘इफ’ तेच करतंय.”

सरांचा चेहरा उजळला. चाळीस वर्षं शिकवत होते, पण असा विद्यार्थी नव्हता भेटला, असं तेव्हा त्यांनीच बोलून दाखवलं. “मग तुम्ही यंत्रावरच लिहा. दर मंगळवारी पाच वाक्यं. पण खरी हवीत बरं का. पुस्तकातली पाठ केलेली वाक्यं मला नकोत. जे घडतंय ते लिहा.”

तिनं ते शब्दशः घेतलं. तिच्या स्वभावातच नव्हतं दुसरं काही.

घडत असं होतं की दोन नंबरच्या यंत्राच्या गॅस्केटला उजवीकडे खालच्या बाजूला चीर गेली होती. नखाएवढी. तिनं सुपरवायझरला सांगितलं. त्याला सगळे ओकेसाहेब म्हणायचे, कारण त्याच्या हातून दुसरा शब्द कधी लिहिला गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. ओकेसाहेबानं वाकून न बघताच मान डोलावली. “मागणी टाकतो.” आठवड्यानं चीर बोटाच्या पेराएवढी झाली. तिनं पुन्हा सांगितलं. “बाई, टाकलीय मागणी. रबर काय झाडाला लागतं?” मागणी टाकलीच नव्हती, हे पुढे कळलं.

आणि रजिस्टर? रोज सकाळी गॅस्केट, झडप, काटा तपासून रजिस्टरमध्ये नोंद करायची, असा नियम होता. पद्धत वेगळी होती. तपासणीवाले कधीही येतात, एखादा रकाना रिकामा दिसला तर हॉस्पिटलचं नाव जातं, म्हणून ओकेसाहेब दर सोमवारी सकाळी अख्ख्या आठवड्याच्या नोंदी एका दमात लिहून टाकायचा. सोमवार ते शनिवार, सहा ओळी, सगळ्या त्याच्या वळणदार इंग्रजीत: ‘चेक्ड अँड फाउंड ओके.’ मग रजिस्टर तिच्यापुढे यायचं आणि ती सहा सह्या ठोकायची. न उजाडलेल्या दिवसांवर, झालेल्या कामाच्या सह्या. चौदा वर्षं. आधी आधी तिला ते विचित्र वाटायचं. मग दार आवळण्याइतकं सवयीचं झालं.

एकवीस तारखेच्या बुधवारी, दुपारी सव्वाबाराला, प्रेशरचा काटा दोनच्या वर असताना चीर फाटली. शिट्टीसारखा आवाज आला. पांढरी वाफ उजवीकडून तिरकी सुटली आणि घडी घालत असलेल्या मावशीच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत बसली. तिनं झेप घेऊन वाफ बंद केली, मावशीला ओढून नळाखाली नेलं, वीस मिनिटं तो हात पाण्याखाली धरून ठेवला. मावशी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “चादरी भिजतायत गं.”

त्या दिवसापासून तिच्या डोक्यातली वाफ उतरलीच नव्हती. आणि आता आठ दिवसांनी हा कागद. बघितलं असतं तर.

जिना उतरता उतरता ती एकदम थांबली. मागून येणारा वॉर्डबॉय तिच्यावर आदळता आदळता वाचला. तिला वही आठवली होती. रजिस्टर नव्हे, गृहपाठाची वही.

टायरच्या दुकानावर दुसरी तुकडी बसली होती. ती दार न वाजवता आत शिरली.

“सर, माझी वही.”

“अहो, वर्ग चालू आहे. तुमचा वार उद्या.”

“वही, सर.”

तिचा चेहरा बघून त्यांनी मुलांना वाक्यं लिहायला दिली आणि कपाटातून परीक्षेच्या गुणांसाठी ठेवून घेतलेला गठ्ठा काढला. तिनं आपली वही ओढली आणि टेबलावर त्यांच्यासमोर उघडली.

“वाचा.”

“मी वाचलंय की हे. तपासलंय सगळं.”

“तपासलंय, ते दिसतंय. वाचा.”

सहा तारीख. ‘द गॅस्केट ऑफ मशीन टू इज कट.’ बरोबरची खूण, लाल शाईत सही आणि तारीख. तेरा तारीख. ‘आय हॅव टोल्ड द सुपरवायझर टू टाइम्स.’ ‘टू टाइम्स’ खोडून वर ‘ट्वाइस’. वीस तारीख, अपघाताच्या आदल्या संध्याकाळी. ‘इफ दे डू नॉट चेंज इट, समबडी विल बर्न.’ सरांनी शेवट दुरुस्त करून ‘विल गेट बर्न्ट’ केलं होतं. आणि खाली ठसठशीत लाल अक्षरात: ‘व्हेरी गुड.’

सर वाचत होते. मग त्यांनी चष्मा काढला.

“कोण भाजलं?”

“मावशी. घड्या घालणारी. तुम्ही ‘व्हेरी गुड’ लिहिलंत त्यानंतर अठरा तासांनी.”

मागच्या बाकावरची कुजबुज थांबली.

“मला वाटलं,” सर अडखळले, “मला वाटलं तुम्ही उदाहरण म्हणून… सराव म्हणून…”

“खरं लिहा म्हणालात! पुस्तकातलं नको म्हणालात! मी खरं लिहिलं आणि तुम्ही काय बघितलंत? ‘टू टाइम्स’ चुकलंय, एवढं? मी दोनदा सांगितलं हे नाही बघितलंत? काय सांगितलं, कुणाला सांगितलं, त्यानं काय केलं, एका शब्दानं विचारलं नाहीत. ओकेसाहेब न बघता ओके लिहितो. तुम्ही वाचून व्हेरी गुड लिहिलंत. तुमच्यापेक्षा तो बरा. त्यानं निदान वाचलं नव्हतं.”

हे जरा जास्त झालं, ते तिलाही कळलं. पण मागे घ्यायचं तिच्या मनात नव्हतं.

“उद्या अकराला चौकशी आहे. शाई तुमची, तारखा तुमच्या. येऊन तेवढं सांगा.”

सर वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिले. “हा वर्ग हॉस्पिटलच चालवतं. मी तिथं येऊन त्यांच्याच विरुद्ध… उद्या हा वर्ग बंद केला तर?”

“तर,” ती म्हणाली, “तुम्ही घरी बसाल. माझ्यासारखे.” तिनं वही उचलली नि निघाली.

रात्री नवऱ्यानं कागद वाचायला मागितला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण कागद हातात घेऊन बघायची त्याची सवय होती, कापड बघतात तशी. तिनं अर्थ सांगितला.

“उसवता येईल?” त्यानं विचारलं.

“येईल. पण उसवायचं तर माझ्याही सह्या बाहेर येतील. मीही सोमवारीच सगळा आठवडा ओके करत होते.”

तो कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. “मग दोन्ही बाजूंनी उसव,” म्हणाला आणि दिवा मशीनकडे वळवून घेतला.

चौकशीला मोठ्या डॉक्टरीणबाई मधल्या खुर्चीत होत्या. एका बाजूला आस्थापना अधिकारी, दुसऱ्या बाजूला बाहेरून बोलावलेला इंजिनीअर. ओकेसाहेब भिंतीजवळ फाईल मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं एक झेरॉक्स पुढे केली. सोमवार, मंगळवार, बुधवार. चेक्ड अँड फाउंड ओके. शेजारी तिच्या तीन सह्या.

“सही तुमचीच ना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“माझीच.”

“मग गॅस्केट ओके होतं की नव्हतं?”

“नव्हतं. बाई, झेरॉक्स नको. मूळ रजिस्टर मागवा.”

ओकेसाहेब चुळबुळला. “त्याची काय गरज? पान तेच आहे.”

“तेच आहे तर आणायला काय हरकत?” इंजिनीअर म्हणाला.

रजिस्टर आलं. तिनं ते पान उघडलं आणि टेबलावर आपटायचं होतं ते कसंबसं नुसतं ठेवलं. “बुधवारी दुपारीच दोन नंबरचं यंत्र बंद करून त्याला सील लागलं. अजून आहे. आता खालच्या ओळी वाचा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.”

इंजिनीअर खुर्चीतून अर्धवट उठला. सील लागलेलं, फाटक्या गॅस्केटचं यंत्र गुरुवारी तपासून ओके होतं. शुक्रवारीही. शनिवारीही. तीनही ओळी ओकेसाहेबाच्या अक्षरात. तीनही सह्या तिच्या.

“हे काय आहे?” डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली आला.

“ही आमची पद्धत. सोमवारी ते आठवडा लिहितात, सोमवारी मी आठवड्याच्या सह्या करते. हो, मी पण खोटं लिहिलं. चौदा वर्षं. त्याची शिक्षा द्या, घेईन. पण मी बघितलं नाही असं या कागदावर लिहायला लावू नका.” तिनं चार घड्यांचा कागद उलगडून समोर टाकला. “मी बघितलं. दोनदा सांगितलं. मागणी टाकली म्हणून मला सांगितलं, ती टाकलेलीच नाही.”

“सांगितल्याचा पुरावा?” अधिकारी लगेच म्हणाला. “तोंडी काहीही म्हणता येतं.”

तिनं वही काढली. अधिकाऱ्यानं पानं उलटली आणि भुवया उडवल्या. “हा गृहपाठ आहे.”

“हो.”

“या तारखा तुम्ही काल रात्रीही घालू शकता.”

“लाल शाई माझी नाही.”

“मग कुणाची?”

ती बोलणार तेवढ्यात दार वाजलं. सर होते. तोच इस्त्रीचा शर्ट, पण धाप लागलेली. तळघरापासून विचारत विचारत चार मजले चढून आले होते.

“माझी,” ते म्हणाले.

कुणी बसा म्हटलं नाही. त्यांनी उभ्यानंच वही घेतली, चष्मा लावला, आणि वर्गात वाचतात तशा सपाट आवाजात तारीख आणि वाक्य, तारीख आणि वाक्य, असं वाचून दाखवलं. वीस तारखेशी येऊन ते थांबले.

“खाली काय लिहिलंय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सरांनी लाल अक्षरांखाली बोट धरलं. “व्हेरी गुड.”

तिला वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल. नाही वाटलं. म्हाताऱ्या माणसाची मान खाली गेलेली बघून तिचा राग कमी झाला नाही, फक्त ओशाळला.

निकाल पंधरा दिवसांनी आला. ओकेसाहेबाची बदली झाली. निलंबन नाही, बदली. जिथं गेला तिथं रजिस्टर असणारच. तिला आगाऊ सह्यांबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती तिनं आधी शब्दन् शब्द वाचली, मग सही केली, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. वरिष्ठ तंत्रज्ञाची जागा वर्षभर पुढे ढकलली. ‘वुड नॉट हॅव हॅपन्ड’वाला कागद फाईलमधून नाहीसा झाला, आणि तो कुणी लिहिला हे कुणीच विचारलं नाही. त्याचा तिला अजून संताप येतो.

ती मावशीकडे गेली तेव्हा मावशी खिडकीशी बसली होती, हात उशीवर. तिनं सगळं सांगितलं. मावशी ऐकत राहिली.

“म्हणजे तू आधीच लिहून ठेवलं होतंस, कुणीतरी भाजेल म्हणून?”

“हो.”

“इंग्रजीत?”

“हो.”

“मला मराठीत सांगितलं असतंस,” मावशी म्हणाली, “तर मी टेबल डावीकडे सरकवलं असतं.”

ती चेष्टा होती. मावशी हसलीही. पण ते एक वाक्य तिला जेवढं लागलं तेवढं चौकशीतलं कुणाचंच बोलणं लागलं नव्हतं. ती जिन्यात येऊन भिंतीला टेकून उभी राहिली आणि कितीतरी वेळ स्वतःलाच शिव्या देत राहिली.

दोन नंबरला नवं गॅस्केट बसलं, सील निघालं. नवा सुपरवायझर पहिल्याच सोमवारी रजिस्टर घेऊन आला. सहा ओळी लिहिलेल्या. तिनं पाच ओळींवर आडवी रेघ मारली, टॉर्च घेतला, दोन्ही यंत्रांचं गॅस्केट बोट फिरवून पाहिलं, आणि सोमवारपुढे सही केली. “बाकीच्या?” त्यानं विचारलं. “त्या त्या दिवशी या,” ती म्हणाली.

हात बरा झाल्यावर मावशी पुन्हा घड्यांच्या टेबलाशी आली. वर्ग बंद पडला नाही. मंगळवारी तिनं वही ठेवली. पाच वाक्यं. एक नंबर यंत्राच्या पाण्याच्या नळीला गंज चढलाय, हे त्यातलं तिसरं.

बुधवारी सकाळी साडेआठला सर तळघराच्या दारात उभे. बगलेत वही. आत वाफेचा आवाज ऐकून ते उंबरठ्यावरच अडले होते.

“क्रियापद चुकलंय तुमचं,” ते म्हणाले. “ते नंतर बघू. ही नळी. कुणाला सांगितलंत का?”

“काल सांगितलं. सुपरवायझरला.”

“मावशींना?”

“त्यांनाच आधी सांगितलं. मराठीत.”

“मग सुपरवायझर काय म्हणाले?”

“बघतो म्हणाले.”

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं. “कुठं बसतात ते?” त्यांनी विचारलं, आणि तिनं हात पुसत पुढे होऊन त्यांना रस्ता दाखवला.